जन्म कराचीचा, मत कसब्याचं

माझी बायको या देशाची आहे की नाही, हे ठरवायला एका सोमवारी सकाळी सरकारी कचेरीत अर्धी गल्ली जमली होती. एवढी वर्षं झाली, पण ती सकाळ आठवली की माझ्या मनगटात अजून जोर येतो. म्हणून लिहायला बसलोय. मी चौथी शिकलो, तेवढी मला पुरली. पुढे शिकलेल्यांनी चुका काढाव्यात, माझी हरकत नाही. हरकत या शब्दाशी माझी चांगली ओळख आहे, ते पुढे कळेलच.

आम्ही कसबा पेठेतले तांबट. तांब्याचा पत्रा ठोकून हंडे, घंगाळी, बंब करायचे आणि शेवटी त्यावर हातोडीचे बारीक ठोके एकाशेजारी एक बसवायचे. त्याला मठारकाम म्हणतात. त्यानं भांडं चमकतं आणि घट्टही होतं. माझ्या तरुणपणी घरोघरी स्टील शिरलं आणि आमचा धंदा झोपला. मग नव्वदनंतर काय झालं कुणास ठाऊक, नदीपलीकडे कंपन्या आल्या, हॉटेलं आली, आणि ज्या बंबात आमच्या आया अंघोळीचं पाणी तापवायच्या तो लोकांना दिवाणखान्यात झाड लावायला हवासा झाला. मला हसू यायचं, पण ऑर्डर घेताना मी हसायचो नाही. एका नव्या हॉटेलानं मोठाली घंगाळी मागितली तेव्हा हात पुरेनात, म्हणून मी दुपारीही काम सुरू केलं. भांडण तिथून लागलं.

समोरच्या घरात वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहायचे. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त झाल्यावर काही लोक देवळात जाऊन बसतात, हे अर्ज करत बसायचे. दिव्याबद्दल अर्ज, गटाराबद्दल अर्ज, कुत्र्यांबद्दल अर्ज. त्यांची दुपारची झोप ही गल्लीतली सगळ्यात जुनी आणि कडक गोष्ट. माझी हातोडी दुपारी वाजायला लागली तशी त्यांनी एक दिवस आपल्या दारावर सुंदर अक्षरात पाटी लावली: ‘दुपारी एक ते चार ठोकाठोक बंद ठेवावी. इथे माणसे राहतात.’ मी ती वाचली, आत गेलो, तांब्याचा एक तुकडा घेतला, त्यावर ठोकून अक्षरं काढली आणि माझ्या दारावर लावली: ‘इथेही.’

आठवडाभर लोक मुद्दाम आमच्या गल्लीतून मंडईला जायचे.

त्यानंतर ते मला दिसले की म्हणायचे, “काय, आपली साधना चालू आहे वाटतं अखंड.” मी म्हणायचो, “आपली झोप चालू असली तरी आमचं पोट चालावं लागतं.” इथपर्यंत ठीक होतं. असल्या बोलण्यावर पेठेत माणसं शंभर वर्षं सुखानं शेजारी राहतात.

आता बायकोचं सांगतो. तिचा जन्म कराचीचा. तिचे वडील आमच्याच जातीचे, पण तिकडच्या गोदीत बोटींच्या तांब्याच्या नळ्यांचं काम करायचे. कराचीत तेव्हा मराठी माणसं पुष्कळ होती, गणपती बसायचा, मराठी शाळा होती. फाळणी झाली आणि त्या वर्षीच्या दिवाळीनंतर आईबापांबरोबर ही बोटीनं मुंबईला आणि तिथून पुण्याला आली. वय असेल आठ. कराचीतलं तिला विशेष काही आठवत नसे. उंटाच्या गाड्या आठवायच्या आणि बोटीवर हातातून पाण्यात पडलेली एक चप्पल. ती चप्पल मात्र ती जन्मभर विसरली नाही.

तिला मत द्यायचं भारी वेड. वयात बसल्यापासून एकही निवडणूक चुकवली नाही. त्या दिवशी स्टोव्ह पेटायच्या आधी ठेवणीतली साडी बाहेर यायची. धाकट्याच्या वेळी दिवस भरत आले होते तरी पोट पुढे घेऊन रांगेत उभी राहिली. परत आल्यावर मी विचारायचो, कुणाला दिलंस? ती म्हणायची, “मग ती पेटी बंद कशाला ठेवलीय?” सबंध आयुष्यात तिनं मला ते एकदाही सांगितलं नाही.

तर त्या वर्षी फोटोवाली ओळखपत्रं काढायचं ठरलं आणि मतदारयाद्या नव्यानं कॉम्प्युटरवर चढल्या. माझं नाव आलं, मुलांची आली, हिचं गळलं. आमचा थोरला नुकताच एका कॉम्प्युटर कंपनीत लागला होता. तो आईला समजावून सांगायला लागला की सिस्टीममध्ये एंट्री नसली तर काही करता येत नाही. ती म्हणाली, “तुझ्या सिस्टीमला जन्म कुणी दिला? माणसानंच ना? मग त्या माणसाला जाऊन सांग.” शेवटी आम्हीच गेलो. नवा अर्ज भरायचा होता. कचेरीतला मनुष्य भला होता. जन्मठिकाणाच्या रकान्याशी थांबला आणि हळूच म्हणाला, काका, पुणे लिहू का, सगळं सरळ होईल. मी म्हटलं, जन्मली कराचीत, लिहायचं पुणे का? चोरी केलीय का आम्ही? कराची लिहा, ठळक लिहा. त्यानं लिहिलं.

नवे अर्ज लोकांना बघायला भिंतीवर लावतात. अशा भिंती वाचणारा आमच्या गल्लीत एकच माणूस होता.

काही दिवसांनी नोटीस आली. सदर महिलेचा जन्म पाकिस्तानातला असून ती भारताची नागरिक असल्याचा पुरावा नाही, सबब तिचं नाव घेण्यास हरकत, आणि खाली समोरच्यांची सही. ते सुंदर अक्षर मी पाटीवर रोज बघत होतो, ओळखायला वेळ लागला नाही. माझं डोकं असं फिरलं की त्या दुपारी मी काही काम नसताना रिकामी परात एक ते चार बडवली. बायको कानात कापूस घालून डाळ निवडत बसली होती. चार वाजता कापूस काढून म्हणाली, “झालं? आता वकील बघा. मला मत द्यायचंय. तुमची खुन्नस तुम्ही नंतर काढा.”

वकील नारायण पेठेतले. त्यांच्या आजीचा बंब माझ्या वडिलांनी केलेला, म्हणून माझी तिथे उठबस होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला कळेल असं सांगितलं. फाळणीनंतर जे अठ्ठेचाळीसच्या जुलै महिन्याच्या मध्याआधी इकडे येऊन राहिले ते घटनेनं आपोआप इथले नागरिक, त्यांना निराळी नोंदणी लागत नाही. नंतर आलेल्यांना लागायची. म्हणजे ही त्याआधी आली एवढं दाखवलं की संपलं. शिवाय दिल्लीच्या मोठ्या कोर्टानं नुकतंच सांगितलं होतं की ज्याचं नाव पूर्वीच्या याद्यांत होतं त्याला एकदम परका ठरवता येत नाही, हरकत घेणाऱ्यानं ती सिद्ध करायची. मला इतका आनंद झाला की मी उभाच राहिलो. वकील म्हणाले, बसा, आता कागद दाखवा.

कागद होता. पालिकेच्या मुलींच्या शाळेचा दाखला. अठ्ठेचाळीसच्या संक्रांतीनंतर नाव घातलं, जन्म कराची, सगळं स्वच्छ लिहिलेलं. वकिलांनी तो वाचला, मग रेशनकार्ड वाचलं, मग चष्मा काढला. दाखल्यावरची मुलगी आणि रेशनकार्डावरची बाई, दोघींची नावं वेगळी. पहिलं नावही वेगळं आणि आडनावही.

आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलायचे. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी ते वाचायचं, आणि जन्मापासूनचं नाव त्या दिवशी माहेरी राहायचं. मीही लिहिलं होतं. मला आवडलं ते लिहिलं, तिला विचारलं नव्हतं. विचारायची पद्धत नव्हती. पत्रिकेत छापतात ते माहेरचं नाव, नवं नाव फक्त त्या तांदळात. आणि तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवून खातात. तेव्हा लग्नाची नोंदणी कुणी करत नसे. माझ्या बायकोची दोन नावं जोडणारा एकही कागद भूतलावर नव्हता.

वकील म्हणाले, “त्या लग्नात हजर असलेलं कुणीतरी हवं. घरचं नको. बाहेरचं, दोन्ही नावांनी ओळखणारं. तिचे माहेरचे कुणी?”

तिचे आईवडील गेलेले, भाऊही गेलेला. आम्ही ‘बघतो’ म्हणून उठलो. कोण आहे ते मला माहीत होतं, आणि बायकोलाही.

समोरच्या हेडक्लार्कांची बायको आणि माझी बायको शाळेत एका बाकावर बसायच्या. लग्नं होऊन दोघी एकाच गल्लीत समोरासमोर आल्या, हा निव्वळ योग. चाळीस वर्षं समोरच्या खिडकीतून माझ्या बायकोला तिच्या जुन्या नावानं हाक यायची. सबंध पुण्यात त्या नावानं हाक मारणारी ती एकटीच उरली होती. ती हाक आली की ही हातातलं टाकून गॅलरीत धावायची. माझ्या हाकेला इतक्या लगबगीनं ती कधी आली नाही. ती दोन्ही नावं मी इथे लिहीत नाही. एक त्या दोघींचं आहे आणि एक माझं.

घरी येताना मी रस्त्यातच जाहीर केलं की मी त्या घराची पायरी चढणार नाही. हात जोडायचे ते माझ्याच्यानं होणार नाही. ती म्हणाली, “तुम्हाला चढ म्हणालंय कोण? मीही नाही विचारणार.” मी चमकलो. ती म्हणाली, “तिनं स्वतःच्या नवऱ्याच्या समोर उभं राहायचं, तेही चार लोकांत? उद्या तिला त्याच घरात राहायचंय. मी तिला असलं सांगणार नाही.”

मी अडून बसलो तर त्याला ऐट होती. ती अडून बसली तर त्याला कारण होतं.

सुनावणी सोमवारची. आदल्या दिवशी दुपारी मी कामाला बसलो. एक वाजून गेला. हॉटेलाचं शेवटचं घंगाळ मांडीशी होतं, हातोडी हातात होती, आणि हात उचलेना. आत बायको ट्रंक उघडून ठेवणीतली साडी बघत होती. नुसती घडी मोडून पुन्हा घालत होती. मी हातोडी खाली ठेवली. मग तशीच राहिली ती.

आमच्या गल्लीत भर दिवसा हातोडी थांबते ती एकाच कारणानं. घरात कुणी गेलं तर. सुतकात तांबट पत्र्याला हात लावत नाही. मी तर सणाच्या दिवशीही ठोकणारा. त्यामुळे झालं काय, थोड्या वेळानं समोरची खिडकी उघडली आणि त्या जुन्या नावानं हाक आली. आवाज घाबरलेला होता. बायकोला गॅलरीत जायला उशीर झाला, तशी समोरच्या वहिनी पदर सावरत खाली उतरून आमच्या दारातच आल्या. मला धडधाकट बसलेला बघून त्यांनी छातीवर हात ठेवला.

“तुम्ही आहात होय,” त्या म्हणाल्या. “मग गेलं कोण?”

बायकोला हसू आलं आणि हसता हसता रडूही आलं. मग दोघी आत गेल्या. मी बाहेरूनच ऐकत होतो. वहिनींना हरकतीचं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांच्या घरी अर्ज करतात, वाचून दाखवत नाहीत. हिनं सगळं सांगितलं, नोटीस, दाखला, उद्याची सुनावणी. पण ये म्हणून म्हणाली नाही. मी भिंतीला कान लावून होतो, एवढा एक शब्द ती म्हणाली नाही. वहिनींनीही येते म्हटलं नाही. चहा प्यायल्या, कपबशी विसळली आणि गेल्या. जाताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आज ते फार छान झोपलेत.”

सोमवारी कचेरीत जागा नव्हती. कुंभार आले, बुरूड आले, बांगडीवाला आला, आमची तांबट आळी तर सगळीच. कुणी नुसतं बघायला, कुणी माझ्या बाजूनं, आणि दोघेतिघे त्यांच्या बाजूनंही, कारण दुपारी झोपणारे ते एकटे नव्हते. मी धुतलेली टोपी घातली होती. बायको ठेवणीतल्या साडीत ताठ बसली होती, जणू मतदानच आहे. अधिकारी तरुण होते, चेहऱ्यावरून कंटाळलेले, शेजारी लिहून घेणारी एक बाई.

समोरचे उभे राहिले आणि अस्खलित बोलले. तांबटवहिनींविषयी वैयक्तिक काही नाही, त्यांच्या हातच्या पुरणपोळ्या आपण दरवर्षी खातो, प्रश्न नियमाचा आहे, जन्म परदेशातला हे अर्जातच कबूल आहे. लोकांत कुजबुज झाली. आमचे वकील उठले. त्यांनी घटनेतलं सांगितलं, मोठ्या कोर्टाचं सांगितलं, शाळेचा दाखला पुढे ठेवला. अधिकाऱ्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. आणि तेच विचारलं, जे मला ठाऊक होतं: “ही मुलगी म्हणजेच या बाई, हे कशावरून?”

समोरचे लगेच म्हणाले, “नेमकं तेच, साहेब.”

मी ताडकन उठलो. मी सांगितलं की लग्न माझ्याशी झालंय, मला माहीत असणारच. साहेब म्हणाले, काका, तुमचं म्हणणं लिहून घेतो, पण तुम्ही नवरा आहात. खोलीत हसू फुटलं. नवरा असणं एवढं कुचकामी असतं हे मला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात मागून आवाज आला, “मी सांगू का?”

वहिनी दाराशी उभ्या होत्या. भाजीची पिशवी हातात, म्हणजे मंडईला जाते म्हणून निघालेल्या. लोकांनी वाट दिली. समोरच्यांचा चेहरा मी आजही डोळ्यापुढे आणू शकतो, आणि अधूनमधून आणतो.

साहेबांनी विचारलं, आपण कोण.

“यांची बायको,” वहिनींनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. मग माझ्या बायकोकडे. “आणि हिची शाळेतली मैत्रीण. अठ्ठेचाळीसच्या संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाल्यावर ही वर्गात आली. तिला बसायला जागा नव्हती, मी सरकले. लग्नात तांदळाचं ताट माझ्या हातात होतं. हिच्या नवऱ्यानं अंगठीनं नाव लिहिलं ते मीच मोठ्यानं वाचलं.”

साहेब लिहून घ्या म्हणाले. बाई लिहायला लागल्या. समोरचे हळूच म्हणाले, “अगं, तोंडी सांगण्याला पुरावा म्हणत नाहीत. कागद लागतो.”

वहिनी त्यांच्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही.

“माझाही शाळेचा दाखला दुसऱ्या नावाचा आहे. तुम्हीच लिहिलंत ना ते तांदळात? मग माझी आणि त्या मुलीची गाठ घालणारा कागद दाखवा. नसेल तर माझ्यावरही हरकत घ्या. अर्ज मी आणून देते.”

मग मागच्या बाकावरच्या बुरुडाच्या आईनं विचारलं, “माझंपण बदललंय की. माझंपण काढनार का?” आणि बायकांच्या बाजूला जो गलका उठला तो साहेबांना टेबलावर हात आपटून थांबवावा लागला. लिहून घेणाऱ्या बाईंनी खाली मान घालून हसू दाबलं. मला वाटतं त्यांचंही बदललेलं असावं.

साहेबांचा कंटाळा गेला होता. त्यांनी समोरच्यांना विचारलं की आपल्याकडे या बाई उशिरा आल्याचा, किंवा कुठल्या दुसऱ्या देशाच्या असल्याचा काही पुरावा आहे का. समोरचे उभे राहिले, बसले. वहिनींनी शपथेवर लिहून दिलं. सही करताना थांबल्या, आणि दोन सह्या केल्या, एक आताची, एक माहेरची. साहेबांनी दोन्ही राहू दिल्या. हरकत फेटाळली, नाव घ्यावं, असं त्यांनी मोठ्यानं वाचलं तेव्हा बांगडीवाल्यानं टाळी वाजवली, आणि मी टोपी हवेत उडवली. कचेरीत टोपी उडवू नये असा कदाचित नियम असेल. समोरच्यांना विचारायला हवं होतं.

बाहेर आल्यावर ते आमच्या वकिलांना म्हणाले की वर अपील करता येतं. वहिनी म्हणाल्या, “करा की. मी परत येईन. आता मला वाट माहीत झालीय.” त्यांनी केलं नाही.

त्या संध्याकाळी वहिनी आमच्याकडे आल्या. मी उठून उभा राहिलो. आभार कसे मानतात ते मला नीट येत नाही, मी घंगाळ पुढे केलं. त्या म्हणाल्या, हे ठेवू कुठं? मग म्हणाल्या, “एक मागते. दुपारी मलाही झोप लागत नाही हो. ते एक ते चार म्हणतात, मी तेवढं म्हणत नाही. एक ते तीन.”

मी तोंड उघडलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

तेव्हापासून एक ते तीन माझी हातोडी बंद असते. तीनच्या ठोक्याला सुरू होते, आणि तीन ते चार मी जरा जोरातच ठोकतो. समोरच्यांची पाटी बरीच वर्षं होती. माझीही होती.

मतदानाच्या दिवशी पहाटेच दोघी तयार. शाळेच्या पटांगणात रांग लागलेली, मी पुरुषांच्या रांगेतून बघत होतो. आत टेबलावरच्या माणसानं यादीतलं नाव मोठ्यानं वाचलं, मी ठेवलेलं ते नाव, आणि बायको ‘हो’ म्हणाली. नेमकी त्याच वेळी मागे राहिलेल्या वहिनींनी रांगेतून तिला हाक मारली, ती जुनी हाक. तिनं तिकडेही वळून ‘ओ’ दिली.

टेबलावरचा माणूस गोंधळला. त्यानं विचारलं, बाई, नक्की कोण तुम्ही?

“दोन्ही,” ती म्हणाली, आणि शाईसाठी बोट पुढे केलं.